बटणं असलेला फ्लेमिंगो

"फ्लेमिंगो!" मी ओरडलो. पक्षी बघताना ओरडायचं नसतं, हे ओरडून झाल्यावर आठवलं.

शुक्रवारची सकाळ. दुबईच्या पलीकडं, उम्म अल कुवैनच्या खाडीवर धुकं होतं. पलीकडे खारफुटीच्या कडेला, ओहोटीनं उघड्या पडलेल्या चिखलात, एक गुलाबी आकृती एकटीच उभी होती. मान पाण्यात घातलेली, आणि एक पंख वाऱ्यानं जरा जरा उचलला जातोय. माझ्यामागं आमच्या मराठी मंडळातली कुटुंबं उभी होती, पुण्याहून मुद्दाम मागवलेल्या कानटोप्या घालून. आखातातल्या थंडीला कानटोपी लागत नाही, पण कानटोपीला थंडी लागते, आणि ती बिचारीला वर्षातून एवढीच मिळते.

सगळ्यांनी दुर्बिणी डोळ्यांना लावल्या, तशी मला जबाबदारीची जाणीव झाली. पक्षी दाखवून गप्प बसेल तो तज्ज्ञ कसला?

"मादी आहे," मी म्हणालो. "एकटी आहे म्हणजे थव्यानं मागं टाकलेली असणार. वयानं थोराड. रंग बघा कसा उडालाय. या वयात त्यांना फारसं हलवत नाही."

शेजारी जर्मन आजोबा होते. स्टँडवर लावायची लांब नळीची दुर्बीण त्या सबंध कॅम्पात त्यांच्याकडेच होती. त्यांनी नळी तिकडं वळवली, डोळा लावला आणि फोकसची कडी दोनदा फिरवली. मग अतिशय सभ्यपणे म्हणाले, "इट हॅज बटन्स."

माझ्या पाठीमागं थर्मासचं झाकण करकचून आवळल्याचा आवाज झाला.

ती बायकोची मॅक्सी होती. आदल्या रात्री दोरीवर वाळत घातलेली, वाऱ्यानं खाडीपार नेलेली. लोक जे हसायला लागले ते खाली वाळूत बसून हसले. मीही हसलो, अशा वेळी आपण आधी हसावं, म्हणजे लोकांना वाटतं आपण मुद्दामच केलं. हसणं ओसरलं तसे मंडळाचे अध्यक्ष कानटोपीनं डोळे पुसत म्हणाले, "पण काय हो, एका रात्रीच्या पिकनिकला वहिनी कपडे धुवायला काढतात?"

मी मुलीकडं पाहिलं. एवढ्या माणसांत ती एकटी हसत नव्हती.

"चहा सांडला होता रात्री," मी म्हणालो.

"मॅक्सीवर?"

"मी सांडला."

हे मात्र सगळ्यांना लगेच पटलं.

खरी गोष्ट अशी, की आम्ही पिकनिकला आलोच नव्हतो. आम्ही तिथं राहत होतो.

मी तेव्हा एका कंपनीत प्लॅनिंग इंजिनियर होतो. कंपनी समुद्रात माती भरून बेट करत होती, मोराच्या आकाराचं. पिसाऱ्यातला प्रत्येक डोळा म्हणजे एक व्हिला. कुठला डोळा कधी पुरा होणार याचे रंगीत तक्ते काढणं हे माझं काम. तक्ते सुंदर असायचे. मी हिरवा रंग फार वापरायचो. दोन हजार आठ सालच्या शेवटी जगाचा बाजार कोसळला तेव्हा आमच्या मोराची जेमतेम चोच भरून झाली होती. चोचीवरच तो थांबला. आजही तिथं नुसती चोच आहे. विमानातून पाहिलं तर समुद्र काहीतरी बोलायला गेला आणि थबकला असं वाटतं.

बेट बघायला येणाऱ्या बड्या गिऱ्हाइकांनी रात्री मुक्काम करावा म्हणून कंपनीनं खाडीकाठी कॅरव्हान आणून रांगेत उभ्या केल्या होत्या. आत पलंग, शेगडी, ओव्हन, न्हाणीघर, सगळं. मध्यभागी काचेचा मंडप, आणि मंडपात काचेच्या पेटीत बेटाचं मॉडेल, खालून दिवे सोडलेलं. गिऱ्हाइकं गेली आणि कॅरव्हान राहिल्या. तेव्हा मोठ्या साहेबांनी एका आठवड्यात पाटी बदलून 'विंटर रिसॉर्ट' अशी करून टाकली. आमच्या साहेबांची ही खुबी होती. बुडणाऱ्या माणसाला त्यांनी जलतरणाचं तिकीट विकलं असतं.

मला त्यांनी केबिनमध्ये बोलावलं आणि म्हणाले, "अनपेड लीव्ह. व्हिसा मार्चअखेरपर्यंत चालू ठेवतो, इन्शाल्ला. फ्लॅट मात्र डिसेंबरात खाली कर."

दुबईत अल बर्शातला आमचा फ्लॅट कंपनीचा होता. मी म्हणालो, "सर, मुलगी दहावीला आहे. मार्चमध्ये परीक्षा आहे. जायचं कुठं?"

साहेबांनी खुर्ची वळवली. "हबीबी, समुद्राकाठचं घर देतो तुला. लोक तिथं पैसे मोजून येतात. मार्चपर्यंत राहा. खलास."

तर अशा रीतीनं आम्ही समुद्राकाठी राहायला गेलो. सामान बांधताना मुलगी एकच गोष्ट मागून गेली. एरवी तिच्या मागण्यांची यादी रेशनच्या यादीसारखी, म्हणून लक्षात राहिली.

"बाबा, प्लीज. डोंट टेल एनीवन. जस्ट टिल माय बोर्ड्स."

तिच्या वर्गातल्या एका मुलीचं कुटुंब वर्षाच्या मध्येच परत गेलं होतं. बाईंनी सगळ्या वर्गाकडून तिच्यासाठी मोठं कार्ड करून घेतलं होतं. वर फुगे, आत सगळ्यांच्या सह्या आणि 'स्टे स्ट्राँग'. आमच्या मुलीनंही त्यावर सही केली होती. "आय डोंट वाँट दॅट कार्ड," ती म्हणाली आणि पुस्तकं खोक्यात भरत राहिली.

मी तिला शब्द दिला. मंडळातल्या निम्म्या घरांची पोरं तिच्याच शाळेत होती, म्हणजे मंडळाला कळलं की शाळेला कळणार. तेव्हा मंडळालाही कळू द्यायचं नाही, असं ठरलं. हा शब्द मी जेमतेम एक आठवडा पाळला. म्हणजे मोडला नाही. पण त्याला इतका मोठा मांडव घातला, की तो मोडायची सोय आपोआप झाली.

झालं असं, की अल बर्शाच्या मॉलमध्ये अध्यक्ष भेटले. सदरा इस्त्रीचा, हातात कॉफीचा कागदी पेला, चाल उद्घाटनाला निघाल्यासारखी.

"काय हो, दिसत नाही हल्ली? घरी फोन केला तर कोणी उचलत नाही."

मला म्हणता आलं असतं, बरं नव्हतं. म्हणता आलं असतं, पाहुणे आहेत. जगातली सगळी माणसं हे म्हणतात आणि सुखानं नांदतात. मी म्हणालो, "आम्ही हल्ली पक्षी बघतो."

"पक्षी?"

"उम्म अल कुवैनला. कॅरव्हान घेतलीय सीझनभर. इथल्या फ्लॅटमध्ये तसंही रंगकाम चालू आहे."

ते रंगकाम पुढं मार्चपर्यंत चाललं. एवढ्या काळात लोक नवी इमारत बांधतात.

अध्यक्षांच्या डोळ्यांत जे चमकलं ते मी ओळखायला हवं होतं. "वा!" ते म्हणाले. "याला म्हणतात लाइफस्टाइल! सगळीकडं रडारड चाललीय आणि तुम्ही निसर्गात. अहो, मंदी ही मनाची अवस्था आहे. येत्या गुरुवारी आम्ही येतो सगळे."

घरी, म्हणजे कॅरव्हानमध्ये, मी हे सांगितलं तेव्हा बायको भात उतरवत होती. तिनं पातेलं खाली ठेवलं. "पक्षी," ती म्हणाली. "तुम्हाला कावळा आणि कोकीळ ओळखू येतात का?"

"तिथूनच सुरुवात करतो," मी म्हणालो.

आणि खरोखर सुरुवात केली. दुसरं काम तरी काय होतं? सकाळी मुलीला दुबईत शाळेला सोडायचं, परत यायचं, आणि मग दिवस समोर नुसता पसरलेला. जर्मन आजोबा आणि त्यांची बायको आमच्या शेजारी होती. घरासारखी भलीमोठी गाडी घेऊन ती दोघं युरोपातून निघून, तुर्कस्तान, इराण करत, शेवटी बोटीनं इथं हिवाळा काढायला आलेली. दोघंही निवृत्त. मी रोज तिथं दिसतो म्हणताना आजोबांनी मला आपल्यासारखाच निवृत्त समजलं, आणि मीही ते खोडून काढलं नाही. वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी इतक्या आदरानं कोणी वागवत असेल तर खोडायचं कशाला? त्यांनी मला जुनी दुर्बीण दिली. शेकाट्या, तुतारी, खंड्या, पाणकावळे, सगळे दाखवले. अर्धवट चोचीच्या त्या वाळूवर भरतीच्या वेळी हजारो पक्षी विसाव्याला उतरतात हे आजोबांनी दाखवलं. ते म्हणाले, सबंध अमिरातीत एवढा उत्तम प्रकल्प आपण पाहिला नाही, ज्यानं आखला त्याचं अभिनंदन करायला हवं, फक्त तो पुरा करू नका. पाच वर्षांत माझ्या तक्त्याला मिळालेली ही एकमेव शाबासकी.

गुरुवारची गोष्ट मात्र वेगळी होती. गुरुवारी दुपारी घरात मोहीम असायची. घर 'घर' दिसता कामा नये! कुकर पलंगाखाली. गणवेश गाडीच्या डिकीत. डाळींचे डबे न्हाणीघरात, वर टॉवेल. बायकोची शिवणाची पेटी, माझ्या बीपीच्या गोळ्या, इस्त्री, पोळपाट, सगळं कुठं ना कुठं दडपायचं. पिकनिकला आलेल्या कुटुंबाकडं पोळपाट सापडला तर काय सांगणार? दहावीची पुस्तकं तेवढी लपवावी लागली नाहीत. मराठी घरातली मुलगी दहावीच्या वर्षी पुस्तकांशिवाय पिकनिकला गेली असती, तर उलट संशय आला असता.

राहता राहिला देव्हारा. लहानसाच, लाकडी; आत बाळकृष्ण, अन्नपूर्णा, गणपती आणि बायकोच्या माहेरचा टाक. पिकनिकला कोणी देव घेऊन येत नाही. माणूस जिथं राहतो तिथं त्याचे देव असतात, हे मराठी माणसाला कोणी समजावून सांगावं लागत नाही. म्हणूनच देव सर्वांत धोक्याचे. डिकीत चपलांशेजारी ठेवता येईनात. पलंगाखाली ठेवावेत तर वर अध्यक्ष बसणार. न्हाणीघराचं नावच नको. स्वच्छ, बंद, पायांपासून उंच अशी एकच जागा त्या कॅरव्हानमध्ये होती.

"ओव्हन," मी म्हणालो.

आम्ही ओव्हन कधी वापरला नव्हता, अगदी कोरा होता. तिनं तो पुन्हा एकदा ओल्या फडक्यानं पुसला, खाली रेशमी पंचा अंथरला आणि देव आत ठेवले. "थंडीचे दिवस आहेत," ती त्यांना म्हणाली. "आणि मार्चपर्यंतच आहे." मला मात्र तिनं एवढंच सांगितलं, की याचं पाप माझ्या नावावर.

पाहुणे चारच्या सुमाराला यायचे, शारजातला ट्रॅफिक तुंबायच्या आत. पहिल्या गुरुवारी तीन गाड्या, मग सहा, मग मला मोजवेना. प्रत्येक डिकीत घडीच्या खुर्च्या, सतरंज्या, वडे, ढोकळा, मिसळीचा रस्सा, कानटोप्या. उरलेल्या कॅरव्हान एका रात्रीसाठी मंडळानं घ्यायला सुरुवात केली आणि आमचे साहेब, ज्यांनी मला काढलं होतं, ते मला फोन करून म्हणाले, "शाबास! तू सेल्समध्ये हवा होतास." रिसॉर्टचा मॅनेजर केरळचा होता. आमचं दुसरं घर उरलेलं नाही हे ठाऊक असलेला कॅम्पातला तो एकटाच. गुरुवारी मला बघून तो डोळे मिचकावायचा आणि सगळ्यांदेखत मोठ्यानं म्हणायचा, "वेलकम सर, रास्ते में तकलीफ तो नहीं हुई?"

संध्याकाळ काचेच्या मंडपात व्हायची. हाउजी तिथंच, आणि ती खेळायची बेटाच्या मॉडेलवर, कारण तेवढं मोठं टेबल दुसरं नव्हतं. ज्या बेटाला मी आयुष्यातली पाच वर्षं दिली, त्याच्या काचेवर लोक वड्यांच्या डिश ठेवत. खालून दिव्यात मोर झगमगतोय आणि पिसाऱ्यावर हिरवी चटणी. "इकडं नको हो, तिकडच्या व्हिलावर ठेवा," असं अध्यक्षीणबाई म्हणायच्या. नवरा मंडळाचा अध्यक्ष, म्हणून त्या अध्यक्षीणबाई. स्वतः मात्र कधी कुठं अध्यक्षस्थानी बसल्या नाहीत, सतत काहीतरी वाढत असायच्या.

हाउजीनंतर अध्यक्षांचं भाषण. दर गुरुवारी तेच. "मित्रहो, मंदी ही मनाची अवस्था आहे." मग स्वतःच्या कंपनीचं, नव्या प्रोजेक्टांचं, बॉस आपल्याला कसं सोडत नाही याचं. सगळे माना डोलवायचे. त्या वर्षी आमच्या मंडळात नोकरी कोणाचीच गेली नव्हती. एकजण आईच्या गुडघ्यांसाठी परत गेला, एकजण मुलांना आपली संस्कृती कळावी म्हणून गेला, एकाला पुण्याची हवा मानवत होती. हवा अचानक मानवू लागली इतकंच.

शेवटी जर्मन आजोबांची रीत. शेकोटीभोवती बसून प्रत्येकानं त्या दिवशी पाहिलेला एक पक्षी सांगायचा. मॅक्सी उडाली त्या शुक्रवारी मंडळी संध्याकाळपर्यंत थांबली होती. आजोबांनी दुपारी होडीतून जाऊन ती मॅक्सी गळाच्या काठीला लटकवून सन्मानानं परत आणली होती. त्यांची पाळी आली तेव्हा ते गंभीरपणे म्हणाले, "फ्लेमिंगो. वन. विथ बटन्स." पुन्हा सगळे लोळले. मुलगी उठून मंडपात गेली आणि बेटाच्या दिव्यात इतिहासाचं पुस्तक उघडून बसली. रोज रात्री ती तिथंच अभ्यास करायची, पण त्या दिवशी पान उलटलेलं मला दिसलं नाही.

मी जवळ गेलो. "कोणाला काही कळलेलं नाही गं."

"नॉट येट," ती वर न बघता म्हणाली. "बाबा, प्लीज स्टॉप फाइंडिंग बर्ड्स."

पुढच्या गुरुवारी अध्यक्ष उतरल्याउतरल्याच म्हणाले, "आज वहिनींच्या दोरीची तपासणी!" चेष्टाच होती. पण मंडळातली चेष्टा म्हणजे सांडलेलं तेल. कुठवर पसरेल सांगता येत नाही. बायकांत कुजबूज होती. दोरी मी आधीच सोडून ठेवली होती. मुलगी मंडळातल्याच दोन वर्गमैत्रिणींमध्ये बसून, आपण इथं पाहुण्याच आहोत असा चेहरा करून चिप्स खात होती.

दिवस कलायला आला होता. मी पाण्याचा कॅन घेऊन कॅरव्हानच्या पायऱ्या चढलो तर आत अध्यक्षीणबाई. हातात वड्यांचा ट्रे, दुसऱ्या हातात काडेपेटी.

"वडे पार गार झालेत," त्या म्हणाल्या. "ओव्हनमध्ये जरा ठेवते."

"तो बिघडलाय!" मी म्हणालो, आणि हातातला कॅन पायावर पडला.

पण त्या कामसू बाई. गॅसच्या ओव्हनला आधी दार उघडून मग काडी लावायची, ही त्यांची रीत पक्की. ट्रे कट्ट्यावर ठेवून दार खाली ओढलं, काडी ओढली, आणि वाकून पाहिलं. आत रेशमी पंच्यावर बाळकृष्ण लोण्याचा गोळा पुढं करून बसलेला. सकाळचं फूल अजून ताजं. बाजूला तूप-वात घातलेलं निरांजन, जे गुरुवारी संध्याकाळी कधी लागायचं नाही, कारण घर गर्दीनं भरलेलं असायचं.

मागून बायको आली. तिच्या हातात चटणीचं भांडं होतं. मी तिच्याकडं पाहिलं, तिनं माझ्याकडं पाहिलं, आणि आम्ही दोघांनीही पहिल्यांदा खिडकीबाहेर मुलीकडं पाहिलं.

अध्यक्षीणबाईंची काडी बोटापर्यंत जळत आली होती. त्यांनी ती विझवली नाही. हात आत घालून निरांजन लावलं, आणि हात जोडले. मग सरळ उभ्या राहिल्या.

"दिवेलागण झाली की," एवढंच म्हणाल्या.

तेवढ्यात बाहेरून दोघीतिघी दाराशी आल्या. "वडे झाले का गरम?"

अध्यक्षीणबाई ओव्हनकडं पाठ करून उभ्या राहिल्या, दार किंचित उघडं ठेवून, पदर असा पसरून की मागचं काही दिसू नये. "ओव्हन बिघडलाय," त्या म्हणाल्या. "गारच खा. आणि आत गर्दी नका करू गं, इथं टपावर कसल्यातरी पक्ष्यानं घरटं केलंय, आवाजानं बिथरतो." निरांजन शांत होईपर्यंत त्या तिथून हलल्या नाहीत. तिथूनच सगळ्यांना गार वडे वाढले.

त्या दिवसापासून मंडळात नियम झाला, की आमच्या कॅरव्हानमध्ये कोणी शिरायचं नाही, पक्षी बिथरतो. मी पक्ष्यांबद्दल एवढं बोललो, पण त्यांच्या एका वाक्याला जेवढा मान मिळाला तेवढा मला कधी मिळाला नाही. आजोबा बिचारे दुर्बीण घेऊन टपावरचं घरटं शोधत राहिले.

रात्री भांडी घासायला दोघी कॅरव्हानच्या मागं बसल्या होत्या. कॅरव्हानच्या भिंती कागदासारख्या. आत पडल्या पडल्या मला सगळं ऐकू येत होतं.

"वहिनी," बायको म्हणाली, "पोरीची परीक्षा होईपर्यंत तेवढं..."

"मी काही पाहिलंच नाही," अध्यक्षीणबाई म्हणाल्या. मग त्यांनी नळ बारीक केला. "आणि ओव्हन तरी बरा गं. आमचे देव डिसेंबरपासून बॅगेत आहेत. ह्यांना अजून कोणाला सांगवत नाही. सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून मॉलमध्ये जाऊन बसतात, कॉफी घेऊन."

पुढच्या गुरुवारी अध्यक्ष "मंदी ही मनाची अवस्था आहे" असं म्हणाले, तेव्हा मी सगळ्यांत आधी टाळ्या वाजवल्या. ते जरा चपापले. मी पूर्वी कधी वाजवल्या नव्हत्या. त्या दिवशी ढोकळ्याच्या डब्यावर कागदात गुंडाळलेली झेंडूची फुलं आली होती. अध्यक्षीणबाईंनी ती माझ्या बायकोच्या हातात न बोलता दिली आणि ढोकळ्याला फोडणी कमी पडल्याबद्दल बोलत राहिल्या. त्यानंतर दर गुरुवारी फुलं येत राहिली.

परीक्षा सुरू झाली. सकाळी धुक्यात निघायचं, गाडीत मुलगी तोंडानं पुटपुटत असायची, मी रेडिओ बंद ठेवायचो आणि एकही पक्षी दाखवायचो नाही. एकदा खांबावर मोरघार बसली होती, मासा पकडून. जीभ दातांखाली धरली. (पुढं एप्रिलात मला अल ऐनला नोकरी लागली, साधी, जमिनीवरची. तिथं बेट करायला समुद्रच नाही, याचा मला फार आधार वाटला. पण त्या दिवसांत ते काही माहीत नव्हतं. तेव्हा समोर फक्त पेपर होते.)

शेवटचा पेपर गुरुवारी होता. मी शाळेच्या फाटकाशी उभा होतो. मुलगी बाहेर आली ती तीन मैत्रिणी घेऊन.

"दे आर कमिंग विथ अस," ती म्हणाली. "आय आस्क्ड देअर मॉम्स."

"कुठं?" मी विचारलं. माझ्या आवाजात मॅक्सीवर सांडलेला चहा, रंगकाम, सगळं गोळा झालं होतं.

"होम," ती म्हणाली आणि पुढं बसली.

वाटेत मी तीन वेळा बोलायला तोंड उघडलं आणि तीन वेळा सिग्नल लागला. कॅम्पात पोचलो तेव्हा बायकोची गुरुवारची मोहीम आटपली होती. दोरी सोडलेली, कुकर दडवलेला, देव ओव्हनमध्ये. चार मुलींना पायऱ्या चढताना पाहून तिनं माझ्याकडं पाहिलं. मी हात वर केले. आम्ही बाहेर घडीच्या खुर्च्यांवर बसलो, आणि भिंती कागदाच्याच असल्यामुळं कान लावायची गरज पडली नाही.

"सो हू लिव्हज हिअर?" एकीनं विचारलं.

"आय डू," आमची मुलगी म्हणाली. "वी डू. सिन्स डिसेंबर. डॅड लॉस्ट हिज जॉब."

मी खुर्चीचा हात धरला. मला वाटलं, आलं ते फुग्यांचं कार्ड.

"शट अप," दुसरी म्हणाली. "यू लिव्ह ऑन द बीच? यू वेंट टू बोर्ड्स फ्रॉम अ बीच?"

"विथ फ्लेमिंगोज," मुलगी म्हणाली, आणि मग तिनं सगळं सांगायला घेतलं. डिकीतले गणवेश, डाळींचे डबे, टपावरचं न बांधलेलं घरटं, आणि मी. धुकं तिनं माझ्यापेक्षा चांगलं रंगवलं. माझा आवाज काढला, गळा खाकरण्यासकट. "फीमेल. ऑल अलोन. व्हेरी, व्हेरी एन्शंट." मग जर्मन आजोबांचा आवाज. मुली किंचाळायला लागल्या. आमची मुलगी सर्वांत मोठ्यानं हसत होती. डिसेंबरपासून मी ते हसणं ऐकलं नव्हतं. ते इतकं चाललं की खाडीच्या कडेचे सगळे शेकाटे उडाले.

रस्त्यावर मंडळाच्या गाड्यांची रांग दिसू लागली होती. अध्यक्षांची गाडी पुढं, खिडकीतून कानटोपी.

"सांगितलं की तिनं," मी म्हणालो. "सगळं."

बायकोनं पदरानं डोळे पुसले, का वाऱ्यानं वाळू गेली होती, विचारायची माझी हिंमत झाली नाही. आतून हाक आली, "आई, कॅन वी बेक अ केक?"

"आलेच," ती उठत म्हणाली. मग माझ्याकडं वळली. "बसलात काय असे? चला, देव बाहेर काढा आणि नीट समोर मांडा, आज सगळ्यांदेखत. ओव्हन पोरींना लागतोय. आणि ऐकलंत ना? तुम्ही निदान थोराड म्हणाला होतात."